आत्या चालवते तेव्हाच

गाडी मिसिंग मारायची ती फक्त आत्या चालवत असली तरच. दुसऱ्या कुणाच्याही हातात ती गुणी मुलीसारखी वागायची. सगळी बोंब होती ती हीच.

गाडी बावीस वर्षांची, पेट्रोलवरची, उंच आणि चौकोनी एसयूव्ही. घरात तिला ‘थोरली’ म्हणत. आत्या एकसष्टची. ती शिलाई मशीन दुरुस्त करायची. आसपासच्या नऊ गावांतले शिंपी, घरी शिवणकाम करणाऱ्या बाया आणि गणवेशांचा एक कारखाना, एवढं तिचं राज्य. मशीन बंद पडलं की ते उचलून कुणी आणत नाही, दुरुस्त करणाऱ्यानेच दारात जायचं, असा त्या धंद्याचा रिवाज. म्हणून थोरलीची मागची अर्धी सीट काढून तिथे आत्याने अवजारांचे खण ठोकून घेतले होते. थोरली गेली तर धंदा गेला, आणि धंदा गेला तर दिवसभर घरात बसून भावजयीच्या स्वयंपाकात खोड्या काढायच्या एवढंच उरलं असतं. ते आत्याला नको होतं, आणि खरं सांगायचं तर भावजयीलाही नको होतं.

मिसिंग म्हणजे काय, ते गाडीतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही कळेल. इंजिनात चार सिलिंडर. चौघांनी आळीपाळीने जोर लावायचा, तेव्हा गाडी पुढे जाते. प्रत्येकाच्या डोक्यावर एक प्लग ठिणगी टाकतो आणि त्या प्लगला एक कॉइल वीज पुरवते. चौघांतल्या एकाची ठिणगी चुकली की गाडीला उचकी लागते. आत्याच्या भाषेत, टाका सुटतो. थोरलीचा टाका गेले दोन महिने सुटत होता. सपाट रस्त्यावर क्वचित, चढावर हमखास.

आणि एका सोमवारी तो पुलावर सुटला. नदीवरच्या पुलाचा चढ, मागे वाळूचा ट्रक, शेजारच्या सीटवर दाढ दाखवायला निघालेला धाकटा भाऊ. थोरलीने तीन हिसके दिले, खोकली आणि बंद पडली. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आत्याने हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकते ठेवले, मनात दहा मोजले आणि गाडी चालू करून पूल पार केला. भाऊ दाढेचं दुखणं विसरला होता. दवाखान्यापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, आणि घरी आल्यावर मात्र बोलायचा थांबला नाही.

“ताई, तुझा पाय थरथरतो. क्लचवरचा. मी डोळ्यांनी बघितलं.”

“माझा पाय थरथरत नाही. गाडी मिसिंग मारते.”

“मग लंबू चालवतो तेव्हा का नाही मारत?” भाऊ हायस्कूलचा निवृत्त हेडमास्तर. प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकण्याआधीच शून्य मार्क द्यायचे, ही त्याची जुनी खोड. “नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!”

लंबू म्हणजे भाऊचा मुलगा. सहा फूट दोन इंच, स्वभावाने गरीब, आत्याचा लाडका. तो मान खाली घालून म्हणाला, “आत्या, मी परवा घाटापर्यंत नेऊन आणली. खरंच एकदाही नाही मारलं.” खोटं बोलायची त्याला अक्कल नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं.

आत्या गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने थोरली आधी गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने चारी प्लग बदलले. टाकी धुतली. पेट्रोल उडवणाऱ्या तोट्या साफ केल्या. मग एक हुशारीचं काम केलं: प्लगवरच्या काजळीवरून त्याला संशय होता त्या तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. दोष कॉइलचा असेल तर तो तिच्याबरोबर पहिल्यावर जाईल, असा हिशेब. मग स्वतः गाडी चाळीस किलोमीटर पळवली आणि हात पुसत म्हणाला, “आत्या, गाडी मक्खन आहे.”

आत्या बसली, गल्लीचं वळण घेतलं, आणि मक्खनने तीन उचक्या दिल्या.

मग लंबूने तिला शहरातल्या मोठ्या गॅरेजात नेलं. तिथली फरशी आत्याच्या देवघरापेक्षा स्वच्छ होती. टाय घातलेल्या मॅनेजरने गाडीला यंत्र जोडलं. यंत्र म्हणालं, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग झाल्याची नोंद आहे. मग त्यांच्या उंचपुऱ्या ड्रायव्हरने गाडी तासभर फिरवली. काही नाही.

“कसं असतं सर,” मॅनेजर लंबूला म्हणाला, “वयस्कर माणसं क्लच अर्धा दाबून ठेवतात. गाडी हिसके मारते. मग त्यांना वाटतं, इंजिनात दोष आहे.”

“मी इथेच उभी आहे,” आत्या म्हणाली. “माझ्याशी बोला.”

मॅनेजर दचकून वळला.

“माझा पाय क्लचवर असतो. बरोबर? मग तो इंजिनात शिरून चौघांतला नेमका तिसराच सिलिंडर कसा निवडतो? पायाला डोळे आहेत माझ्या?”

मॅनेजर हसला. ज्या हसण्याने माणूस विषय संपवतो, तसं हसला. लंबू आत्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आला.

घरी निकाल लागलेलाच होता. भाऊने भंगारवाल्याशी बोलणी केली होती, गुरुवारी सकाळी दहा वाजता तो ट्रॉली घेऊन येणार होता. आत्याला विचारायचं कारणच नव्हतं, कारण गाडीचे कागद भाऊच्या नावावर होते. बावीस वर्षांपूर्वी गाडी आत्याच्याच कमाईतून आली. पण एजंट म्हणाला, “बाईमाणसाच्या नावावर कशाला घोळ?” आणि तेव्हा आत्याने मान डोलावली होती. आयुष्यात तिने फार वेळा मान डोलावलेली नाही, आणि जेव्हा डोलावली तेव्हा प्रत्येक वेळी ती महागात पडली.

“मिस्त्रीच्या आवारात लाव गाडी,” भाऊ लंबूला म्हणाला. “तिथूनच उचलून नेतील. घरासमोर तमाशा नको.”

त्या दुपारी आत्या आपल्या कामाच्या खोलीत दार लावून बसली. खोली म्हणजे घराच्या मागची पडवी. भिंतीवर खिळ्यांना पट्टे टांगलेले, डब्यांत बॉबिन, स्प्रिंगा आणि वाकड्या सुया. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी आत्याने कुणालाच सांगितली नव्हती. तिला स्वतःलाच संशय येऊ लागला होता. चार माणसं सकाळ-संध्याकाळ म्हणू लागली की तुझा पाय थरथरतो, तर लोखंडाचा पायही थरथरेल. आंघोळ करताना ती आपल्या डाव्या पायाकडे बघायची. जिना उतरताना तो मुद्दाम आधी टाकायची.

तिने पायाचं मशीन पुढे ओढलं. सुईतला दोरा काढून टाकला. वहीचा एक कोरा कागद दाबपट्टीखाली सरकवला आणि एकटा डावा पाय पायट्यावर ठेवून ती शिवू लागली. बिनदोऱ्याचं मशीन कागदावर फक्त भोकं पाडतं. पाय अडखळला की मशीनचं चाक उलटं फिरू बघतं आणि भोकं एकमेकांवर चढतात. तिथे लपवाछपवी नाही. तिने सात ओळी मारल्या. मग कागद खिडकीशी धरून बघितला. सातही ओळी सरळ, भोकाभोकात सारखं अंतर, मुंगीलाही पाय अडकायला जागा नाही.

ती तडक भाऊसमोर गेली आणि कागद त्याच्या वर्तमानपत्रावर आपटला.

“हा माझा पाय. बघ.”

भाऊने चष्मा वर केला, कागद उलटसुलट केला. “मशीन वेगळं, गाडी वेगळी, ताई.”

“पाय तर तोच आहे ना?”

“वाद घालू नकोस. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.”

भावजय दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, “ओळी सरळ आहेत हो.” भाऊने तिच्याकडे असं बघितलं, की ती आत गेली. पण म्हणाली, हे आत्याच्या लक्षात राहिलं.

बुधवार उजाडला. आत्या चहाचा कप घेऊन पडवीत बसली होती, आणि कप तोंडाशी नेता नेता तिला एक शिंपी आठवला. पंधरा वर्षांपूर्वीचा. त्याच्या मशीनचा दोरा सारखा तुटायचा. तो शेजारच्याच गल्लीतला, म्हणून मशीन तीनदा पडवीत आलं आणि तिन्ही वेळा आत्याच्या हाताखाली चारशे टाके बिनतक्रार चाललं. चौथ्या वेळी वैतागून ती त्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली, “मी हात लावत नाही. तू शिव. रोज शिवतोस तसाच शिव.” शिंपी वाकला, आणि त्याच्या गळ्यातल्या टेपचं पत्र्याचं टोक लोंबून नेमकं दोऱ्याच्या चकतीवर घासलं. दोरा तुटला. मशीनला काहीच झालेलं नव्हतं, आणि शिंप्यालाही नाही. दोघं एकत्र आल्याशिवाय दोष दिसणारच नव्हता. त्या दिवसापासून आत्याने नियमच केला होता: आधी गिऱ्हाइकाला त्याच्या जागेवर बसवायचं, आपण बाजूला उभं राहायचं, आणि मगच स्क्रूड्रायव्हर काढायचा.

“अगं बाई!” आत्या मोठ्याने म्हणाली. “मला तर कुणी बघितलंच नाही!”

दोन महिने जो तो तिला उतरवून स्वतः चालवून बघत होता. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसलाच प्रकार. चहा तसाच ठेवून ती मिस्त्रीकडे निघाली.

मिस्त्रीच्या आवारात थोरली एका कोपऱ्यात, टायरांच्या ढिगाशेजारी उभी होती. किल्ली खिळ्याला टांगलेली. मिस्त्री एका टेम्पोखालून बाहेर आला. तोही चांगला थोराड गडी, बसला की स्कूटर दिसेनाशी व्हायची.

“मिस्त्री, तू चाळीस किलोमीटर पळवलीस ना गाडी? कसा बसला होतास?”

“कसा म्हणजे? बसलो होतो. माणसं बसतात तसा.”

“बसून दाखव.”

“आत्या, उद्या ती गाडी जाणार. कशाला आता...”

“बसून दाखव म्हटलं ना!”

मिस्त्रीने सुस्कारा सोडला, दार उघडलं, एक पाय आत टाकला. दुसरा पाय अजून जमिनीवरच होता, तेवढ्यात त्याचा हात आपोआप सीटखाली गेला, दांडी वर ओढली गेली आणि सीट खडखडत मागे सरकली.

“थांब! आत्ता काय केलंस?”

“कुठे काय?”

“हाताने काय केलंस?”

मिस्त्रीने आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “सीट मागे घेतली. गुडघे मावत नाहीत हो. तुम्ही केवढ्याशा, तुमची सीट स्टिअरिंगला चिकटलेली असते.”

“लंबू काय करतो बसताना? त्या गॅरेजातला ड्रायव्हर काय करत असेल?”

मिस्त्रीचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि आत्याला तो बदलताना बघायला फार बरं वाटलं.

“सीटखाली काय आहे या गाडीत?” तिने विचारलं.

“सीटखाली...” मिस्त्रीने कपाळावर हात मारला. “कॉम्प्युटर! या गाडीचा इंजिनाचा कॉम्प्युटर ड्रायव्हरच्या सीटखाली असतो. तिथूनच सगळ्या कॉइलना वायरी जातात. मी पुढच्या बाजूची एकूणएक वायर हलवून बघितली. हे टोक बघितलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

आत्या चढली. दांडी ओढून तिने सीट पुढे, अगदी शेवटच्या खाचेत नेली आणि इंजिन चालू केलं. मिस्त्री मागच्या दारातून शिरून बॅटरी घेऊन पालथा पडला.

“आता जागच्या जागी उसळ्या मारा, आत्या. खड्ड्यातून गेल्यासारख्या.”

आत्याने उसळी मारली. काही नाही. दुसरी मारली. इंजिन अडखळलं. तिसऱ्या उसळीला त्याने चक्क गचका खाल्ला.

“सापडली!” खालून आरोळी आली. “बाहेर या, बघा!”

आत्या उतरली आणि मागून वाकून बघू लागली. वायरींचा जाडसर जुडगा सीटच्या लोखंडी रुळाखाली आला होता. ज्या प्लास्टिकच्या चिमट्याने तो बाजूला धरून ठेवायचा, तो तुटलेला. सीट मागे असली की जुडगा मोकळा. सीट पुढच्या खाचेत आली की रुळाची मागची धार नेमकी त्यावर बसायची. बाकीच्या वायरी वाचल्या होत्या. एका हिरव्या वायरीची साल सोलून आत तांबं चकाकत होतं. ती तिसऱ्या कॉइलची. ती लोखंडाला शिवली की ठिणगी गुल.

आत्या तिथेच टायरवर बसली. तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं, कारण समोर फक्त मिस्त्री होता. मग पदराने तोंड पुसून उभी राहिली.

“पाच मिनिटांत जोडतो,” मिस्त्री म्हणाला.

“हात लावलास तर बघ! आधी माझा भाऊ येऊ दे.”

“अहो, वायर दाखवू ना त्यांना.”

“वायर बघून तो म्हणेल, वायर वेगळी, पाय वेगळा. त्याला मी ओळखते. फोन लाव लंबूला. बापाला घेऊन ये म्हणावं. ताबडतोब.”

अर्ध्या तासात दोघं आले. भाऊ पांढऱ्या सदऱ्यात, हात मागे बांधून, शाळेची तपासणी करायला निघाल्यासारखा.

“लंबू, बस गाडीत,” आत्या म्हणाली. “नाही, सीटला हात लावायचा नाही. मी ठेवलीय तशीच राहू दे.”

“आत्या, मी मावणार नाही!”

“मावशील. आईच्या पोटात मावला होतासच ना?”

लंबूने स्वतःची घडी घातली. दोन्ही गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर आले आणि डोकं छताला टेकलं. भाऊ शेजारी बसला. आत्या मागच्या अर्ध्या सीटवर, अवजारांच्या खणांना टेकून.

“पुलावर घे.”

पुलाचा चढ लागला. लंबूने गिअर बदलला, थोरलीने एक उचकी दिली, मग दुसरी. मग तिने असे हिसके मारायला सुरुवात केली, की खणांतली बॉबिन एकमेकांवर वाजू लागली. मागे एका टेम्पोने हॉर्न दिला. लंबूला घाम फुटला.

“काय रे लंबू,” आत्या मागून म्हणाली, “पाय थरथरतो का तुझा?”

“नाही गं आत्या! गाडीच... गाडीच मारतेय!”

“भाऊ, बघतोयस ना? सव्वीस वर्षांचा पाय आहे. अरे, कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं!”

भाऊ समोर बघत राहिला. त्याने दाराचा दांडा धरला होता.

आवारात परत आल्यावर मिस्त्रीने वायर दाखवली आणि विचारलं, “ही सीट कुणी खोलली होती का? हा चिमटा आपोआप तुटत नाही.” लंबूचा चेहरा पडला. दोन महिन्यांपूर्वी, आत्याच्या वाढदिवसाला, तिला न सांगता त्याने सीट काढून खालचा गालिचा धुऊन दिला होता. बसवताना काहीतरी कट्कन वाजलं होतं खरं.

“मला वाटलं, सीट बसली म्हणून वाजलं,” तो म्हणाला.

“गाढवा,” आत्या म्हणाली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, कारण त्याच्या खांद्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता.

वायर जोडायला मिस्त्री बसला, पण त्याची केळ्याएवढी बोटं रुळाच्या फटीत शिरेनात. “सरक,” आत्या म्हणाली. सुईच्या नेढ्यात चाळीस वर्षं दोरा ओवलेल्या बोटांना ती फट म्हणजे रस्ताच होता. तिने खराब तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलून एकमेकांत गुंफली, वर तापत्या सोल्डरचा एक थेंब सोडला आणि रबरी नळी चढवून आवळून घेतली. सोल्डर धरताना हात हलला असता तर शेजारच्या दोन वायरी जळाल्या असत्या. हात हलला नाही. भाऊ दारातून वाकून ते बघत होता, हे तिला ठाऊक होतं. मिस्त्रीने नवा चिमटा दिला, जुडगा रुळापासून वीतभर लांब, कडेला बांधला. मग लंबूने सीट त्याच शेवटच्या खाचेत ठेवून, गुडघे आवळून, पुन्हा एकदा पुलाचा फेरा मारला. थोरली हूं की चूं न करता चढली.

लंबू परत आला, इंजिन बंद केलं, उतरला, आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. आत्या दोघांच्या मधे उभी होती. किल्ली तिच्या नाकासमोरून गेली. लंबूने ते मुद्दाम केलं नाही, सवयीने केलं. भाऊनेही सवयीने ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

“बरं झालं,” भाऊ म्हणाला. “मी भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो. आता लंबू चालवेल. तुला कुठे जायचं असेल ते त्याला सांगत जा, शनिवार-रविवार तो मोकळाच असतो. तू आपली आरामात शेजारी बस.”

फार मायेने म्हणाला तो. मायेने म्हणाला म्हणूनच आत्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

“का?”

“का म्हणजे? आता वय...”

“पाय थरथरतो म्हणालास. मी कागद दाखवला. गाडी चालवता येत नाही म्हणालास. मी वायर दाखवली. तुझ्या मुलाच्या हातात ती उचक्या देत चढली, तेव्हा तू शेजारी बसला होतास. आता तिसरं काय काढतोस? सांग, म्हणजे तेही शोधते.”

भाऊ काही बोलणार, तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. डोंगरावरच्या वाडीतली शिवणवाली होती. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. दोरा खालून गुंततोय, नवरीचे कपडे अर्धे शिवून पडलेत, उद्या सकाळी न्यायला येणार आहेत.

“तासाभरात पोचते,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

“कशी पोचशील?” भाऊ म्हणाला. “किल्ली माझ्याकडे आहे.”

मिस्त्री वळून टेम्पोच्या चाकातली हवा बघू लागला. लंबू नखं बघू लागला.

“हो,” आत्या म्हणाली. “म्हणून तुझ्याकडे बघतेय.”

भाऊचा हात खिशावर होता. मग तो अशा आवाजात बोलला, जो हेडमास्तराचा नव्हता. “ताई, त्या दिवशी पुलावर मी तुझा पाय बघितलाच नाही.”

“काय?”

“मी डोळे मिटले होते. थरथरत होते ते माझे पाय. चार वर्षांपूर्वी मी गाडी सोडली ना, ती चष्म्याच्या नंबरामुळे नाही सोडली. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर स्टिअरिंग धरलं की माझे हात गार पडायचे. कुणाला सांगितलं नाही.” त्याने खिशातली किल्ली चाचपली. “मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. माझी हिंमत गेली, तर तुझी अजून कशी आहे?”

आत्याला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. दोन्ही खरे होते आणि तिने एकही लपवला नाही.

“मेल्या, मग मला सांगायचंस की! इतके दिवस मला माझाच पाय तपासायला लावलास. आंघोळीच्या पाटावर बसून मी पायाकडे बघत होते, अरे! मी स्वतःलाच म्हातारी समजायला लागले होते, तुझ्या एका खोट्यापायी.” तिने पदर कमरेला खोचला. “तू घाबर. घाबरण्यात काही पाप नाही. मला सांग, मी तुला पाणी देईन, तुझा हात धरीन. पण घाबरायचं तू आणि घरात बसायचं मी, हे होणार नाही. आज नाही आणि सत्तरीतही नाही. ज्या दिवशी माझ्या ओळी वाकड्या येतील, त्या दिवशी मीच किल्ली खिळ्याला अडकवीन. आणि उद्या दहा वाजता कागदांवर सही करायला बसणारच होतास ना? त्याच वेळेला गाडी माझ्या नावावर करायच्या कागदांवर सही कर.”

तिने तळहात पुढे केला. थरथर नव्हती त्यात, हे तिघांनाही दिसलं.

भाऊने किल्ली काढली आणि त्या तळहातावर ठेवली.

आत्या चढली, आरसा आपल्या उंचीला घेतला, इंजिन चालू केलं. गाडी हलणार एवढ्यात काचेवर टकटक झाली. भाऊ उभा होता, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

“मी येऊ?”

आत्याने शेजारचं दार आतून ढकलून उघडलं. “ये. पण डोळे उघडे ठेवून बसायचं.”

भाऊ बसला. त्याने पट्टा लावला, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला आणि डोळे उघडे ठेवले.